प्रिंटरवरची लोंबी

आश्विन लागला की आमच्या कर्जतकडच्या शेतांचा रंग एक राहत नाही. हळवं भात पिवळं पडून वाकलेलं असतं, गरवं अजून हिरवा हट्ट धरून बसलेलं असतं, आणि बांधावर उभं राहिलं की दोन्हींमधून एक वास येतो. कच्च्या तांदळाचा, थोडा दुधासारखा, थोडा उन्हात वाळणाऱ्या चिखलाचा. मुंबईहून सुट्टीला येणारी मंडळी गाड्या थांबवून तो वास छातीत भरून घेतात. मलाही तो फार आवडायचा. एका वर्षी तो माझ्यापुरता नासला. नासवणारा मीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मुक्ताने, माझ्या मुलीने, माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं. "बाबा, मशीन ठणठणीत आहे, आतली सिस्टीम तेवढी जड झालीय," असं तिचं निदान. नवमीला सकाळी हिने, म्हणजे मुक्ताच्या आईने, नेहमीसारखी घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. विळी, कोयता, शिलाई मशीन, स्कूटर, आणि शेवटी लॅपटॉप. झाकणावर हळदकुंकवाची बोटं, झेंडूचं फूल आणि गावाहून आणलेली भाताची लोंबी. दुपारी मुक्ताने लॅपटॉप उघडला, तर वायफाय गायब. ती खुर्चीत मांडी घालून तासभर खटपट करत बसली आणि मग हसत म्हणाली, "आई, तुझं कुंकू आत गेलं वाटतं."

मी बाजूला पेपर वाचत होतो. "पूजेला बोलू नकोस," मी म्हणालो. ते इतक्या जोरात निघालं की दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. मी काही देवभोळा माणूस नाही, हे दोघींना चांगलं ठाऊक आहे. मी पेपर घडी करून ठेवला आणि गच्चीवर जाऊन बसलो. समोर शेतं होती, आणि वारा नेमका तिकडूनच येत होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात नोकरीला होतो. वय चोविसाच्या आसपास, हातात डिप्लोमा, घरी वडिलांची भातशेती, आणि डोक्यात भलतीच हवा. कारखान्याने कॉम्प्युटर घेतला होता. त्याच्यासाठी स्टोअरच्या शेजारी काचेची खोली केली होती आणि तिथे एसी बसवला होता. त्यामुळे दुपारच्या वेळी सगळ्याच साहेबांना कॉम्प्युटरविषयी एकाएकी जिव्हाळा वाटू लागे. कंपनीने मला तीन आठवड्यांच्या कोर्सला मुंबईला पाठवलं होतं. परत आलो तो मी चालायचोच वेगळा. फ्लॉपीचा डबा दोन्ही हातांत धरून व्हरांड्यातून जायचो आणि कुणी वाटेत आलं तर नुसती मान हलवायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आता कळतं.

त्या खोलीच्या दारात स्टुलावर बाळारामदादा बसायचा. खालापूरच्या पुढे हायवेवर कुंभिवली आहे, तिथला शेतकरी माणूस. पंचेचाळिशी ओलांडलेली, कानाशी केस पिकलेले, कडक धुतलेला खाकी शर्ट. कारखान्यात तो कितीतरी वर्षं बदली कामगार होता. कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी याला बोलवायचं, आज ड्रमवर, उद्या गेटवर. कॉम्प्युटरच्या खोलीसाठी स्वच्छ, शांत माणूस हवा होता म्हणून त्याला तिथे नेमलं, आणि आमच्या खात्याच्या साहेबांनी शब्द दिला होता की दिवाळीला कायम करायच्या यादीत त्याचं नाव असेल. हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. पुढेही सांगत राहिला. डबा खाताना, खोली झाडताना, बसची वाट बघताना. "साहेब, यंदा नक्की. साहेबांनी सोता सांगितलंय." मी त्याच्या निम्म्या वयाचा, पण कारखान्याच्या गेटच्या आत तो मला साहेबच म्हणायचा. त्याच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी मात्र मी हक्काने खायचो.

त्या खोलीवर त्याचा जीव होता. चपला बाहेर काढल्याशिवाय साहेबांनाही आत सोडत नसे. फडकं पिळून, वाळवून, मगच पुसायचा. प्रिंटरचा कागद तेव्हा लांबच लांब असायचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. ती भोकं प्रिंटरच्या दातांवर बसवायला मला तीनदा प्रयत्न करावे लागत, हा एकदाच बसवून मोकळा व्हायचा. प्रिंटरचा आवाजही तेव्हा केवढा, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाई. बाळारामदादा बाहेर स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, "साहेब, कागद तिरका चाललाय." किंवा, "रिबन सुकली वाटते, आवाज कोरडा येतो." मी आत जाऊन बघावं तर खरंच तसं असायचं. मला त्याचं हसू यायचं, थोडा रागही यायचा. कोर्स मी केला होता ना.

त्या आश्विनात मुंबईहून नवी सिस्टीम आली. युनिक्स. ही आपल्या लिनक्सची वडीलधारी म्हणा. जुनी सिस्टीम एका वेळी एकाच माणसाला कॉम्प्युटर वापरू द्यायची. नवी घातली की एकाच कॉम्प्युटरला तीन पडदे जोडून तिघांना काम करता येणार होतं. ती चढवायला विकणाऱ्यांचा माणूस मुंबईहून यायचा होता. साहेब म्हणाले, दसऱ्यानंतर बोलवू. आणि मी म्हणालो, "कशाला? मी करतो की."

यातले शेवटचे तीन शब्द मी कितीदा परत गिळायचा प्रयत्न केलाय.

नवमीच्या आदल्या दिवशी फ्लॉप्यांचा ढीग एकामागून एक घालत मी युनिक्स चढवलं. पडदे उजळले. तिन्ही टेबलांवर नावं विचारायला लागले. साहेबांनी पाठ थोपटली. प्रिंटर तेवढा तपासायचा राहिला, कारण बस सुटायची वेळ झाली होती, आणि प्रिंटर काय, काल चालत होता तो आज चालणारच.

नवमीला कारखान्यात सगळीकडे पूजा. बॉयलरला हार, पंपांना हार, लॅबमधल्या तराजूलाही कुंकू. आमच्या खोलीची पूजा बाळारामदादाने केली. घरच्या शेतातल्या हळव्या भाताच्या लोंब्या त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. एक दाराला बांधली आणि एक प्रिंटरच्या झाकणावर ठेवली. नारळ मात्र आत आणला नाही. बाहेर पायरीवर फोडला, पाणी तांब्यात धरलं आणि झाडाला घातलं. हे मी पाहिलं. मी तिथेच उभा राहून प्रसादाचं खोबरं खात होतो.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी प्रिंटर लावला. दोन-चार अक्षरं उमटली आणि थांबला. बंद केला, चालू केला. पुन्हा दोन-चार अक्षरं आणि गप्प. केबल काढली, फुंकली, परत लावली. पुस्तकाची पानं उलटली, त्यातलं निम्मं कळलं नाही. एसीतही मला घाम फुटला. शेवटी सुचलं म्हणून जुन्या सिस्टीमची फ्लॉपी घालून कॉम्प्युटर सुरू केला आणि चाचणीचं एक पान छापायला सांगितलं.

पान छापलं गेलं. अथपासून इतिपर्यंत. इंग्रजी मुळाक्षरं आणि आकडे, ओळीमागून ओळ, स्वच्छ, काळीभोर.

म्हणजे प्रिंटर ठीक होता, केबल ठीक होती. जुन्या सिस्टीमखाली सगळं चालत होतं, नवीखाली चालत नव्हतं, आणि नवी मी चढवली होती. खोट कुठे आहे हे नेमकं कळलं नव्हतं, पण कुणाकडे आहे हे कळलं होतं. मी ते पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि पँटच्या खिशात ठेवलं. मग नवी सिस्टीम परत सुरू करून, काहीच न झाल्यासारखा बसलो. साहेबांना काय सांगायचं ते ठरवत होतो. खरंच सांगणार होतो, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो.

दहाच्या सुमारास साहेब आले. प्रिंटर चालत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच झाकण उचललं. आत, कागद ओढणाऱ्या दातांच्या शेजारी, भाताचा एक दाणा पडला होता.

साहेबांनी तो चिमटीत धरला. बाळारामदादाला आत बोलावलं. तो दारात चपला काढून आला. "बाळाराम, हे काय देवघर आहे?"

"साहेब, लोंबी ठेवली व्हती. दाना पडला आसंल," तो म्हणाला. "पन नारळ मी भायेर फोडला. पान्याचा थेंब आत नाय आनला."

साहेब माझ्याकडे वळले. "यामुळे बिघडला असेल का?"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. कावळा मला आयता मिळाला होता. खिशातला कागद मांडीला टोचत होता. बाळारामदादा माझ्याकडे बघत होता. विनवणी नव्हती त्यात, नुसता बघत होता, बसस्टॉपवर माणूस रस्त्याच्या वळणाकडे बघतो तसा. मी चष्मा सारखा केला आणि कोर्समध्ये ऐकलेल्या आवाजात म्हणालो, "तशी शक्यता नाकारता येत नाही."

मला वाटतं, आयुष्यात मी इतकं शुद्ध मराठी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

पुढचं सगळं फार साधं झालं. कुणी आरडाओरड केली नाही. बाळारामदादाला त्याच दिवशी रिकामे ड्रम धुवायच्या यार्डात पाठवलं. खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. कारखान्यात आठवडाभर चेष्टेला विषय मिळाला. कॉम्प्युटरला नवस बोला, प्रिंटरला कोंबडं द्या, असं काय काय. मीही हसलो. शिकलेल्या माणसाला अडाण्याच्या पूजेवर हसायची सोय किती चांगली असते, हे मला तेव्हा समजलं. त्या हसण्याआड माझं अज्ञान आरामात मावलं.

घरी हळवं भात कापून खळ्यावर आलं होतं. त्या वर्षीच्या त्या दिवसांतलं मला काय आठवतं, तर भारे झोडताना उडणारा कोंडा, गळ्याशी सुटणारी खाज, आणि आईचा प्रश्न. बाळारामदादाने एकदा तिला गवारीचं बियाणं पाठवलं होतं, तेव्हापासून ती त्याची चौकशी करायची. "तो तुझा बाळाराम कायम झाला का रं?" मी भाऱ्यावरून डोळे न काढता म्हणालो, "यादी अजून व्हायची हाय." ते खोटं नव्हतं. त्या दिवसांत मी खोटं असं कुठेच बोललो नाही, हीच तर गोष्ट आहे. वडील म्हणाले, "झोड नीट, अर्धे दाने पेंढ्यातच ऱ्हायलेत." मी पुन्हा झोडायला लागलो.

दिवाळीच्या चार दिवस आधी मला खोट सापडली. कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. प्रिंटरची केबल जिथे लागते त्या कार्डावर दोन बारीक पिनांना जोडणारी एक काळी टोपी असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती आमच्या कार्डावर एकाच पिनेला अडकवून ठेवलेली होती, जोडलेली नव्हतीच. कॉम्प्युटर आला तेव्हापासून तशीच. जुन्या सिस्टीमला तिची गरज नव्हती. ती क्षणाक्षणाला प्रिंटरला जाऊन विचारायची, झालं का, झालं का, आता पुढचं अक्षर देऊ का. नवी सिस्टीम तसं विचारत नव्हती. ती आपल्या दुसऱ्या कामाला लागायची आणि प्रिंटरनेच हाक मारावी म्हणून वाट बघायची. प्रिंटर बिचारा हाक मारत होता, पण ती पोचवणारी वाट त्या टोपीवाचून तुटलेली होती. मी चिमट्याने टोपी दोन्ही पिनांवर बसवली. त्याला जेमतेम एक क्षण लागला.

साहेबांनी विचारलं, "काय होतं?" मी म्हणालो, "आतून सगळं साफ केलं." त्यांना जे समजायचं ते ते समजले.

नव्या सिस्टीमवर त्या प्रिंटरने छापलेलं पहिलं पान म्हणजे कायम करायच्या कामगारांची यादी. साहेबांच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवून नावं मीच टाइप केली होती. एका नावावर शाईची रेघ मारलेली होती. मी ते गाळलं आणि खालचं नाव वर घेतलं. प्रिंटर सुरेख चालला. बाहेरच्या स्टुलावर कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर बाळारामदादा कामावर आला नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाल्लं मी आणि उपाशी तो राहिला. दर आठवड्याला ठरवायचो की जाऊन सांगावं. साहेबांना सांगावं, निदान त्याला तरी सांगावं. पुन्हा आश्विन आला, शेतांना तोच वास सुटला, आणि नवमीच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून एसटीने कुंभिवलीला उतरलो.

हायवेच्या कडेला, चिंचेखाली, तो काकड्यांची टोपली घेऊन बसला होता. ट्रक थांबायचे, ड्रायव्हर उतरून काकडी खायचे. मला बघून तो उठला नाही, पण पोतं पुढे सरकवलं. "बस रं," म्हणाला. त्याच्या तोंडचं 'साहेब' गेलं होतं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

त्याने एक काकडी सोलली, उभी चिरली, मीठ लावलं आणि माझ्या हातात दिली. "आई बरी हाय?"

"बरी आहे."

"मशीन चालतं का?"

"चालतं."

"आवाज कसा हाय?"

"चांगला आहे, दादा." मी वाक्य जुळवत होतो. सगळ्या एसटीभर घोकलेलं वाक्य. दादा, त्यात तुमचा काही दोष नव्हता, माझं चुकलं. "दादा, मागच्या दसऱ्याला ते जे झालं..."

"त्या दिशी पन आवाज चांगलाच व्हता," तो म्हणाला. दुसरी काकडी सोलत होता, माझ्याकडे बघतही नव्हता. "सकाळी तू आत व्हतास, मी स्टुलावर. आख्खं पान छापलंस. मंग कागद फाडलास. त्याचा पन आवाज आला मला."

माझ्या हातातली काकडी तशीच राहिली. एक ट्रक धूळ उडवत जवळून गेला.

"मग साहेबांसमोर बोलला का नाहीत तुम्ही?"

"मी बोलून कोन आयकनार व्हता? आनि तू व्हतास ना तिथं." त्याने सुरी पंच्याला पुसली. "मला वाटलं, आता बोलशील. मंग वाटलं, आता बोलशील. मंग जेवनाची सुट्टी झाली."

एवढं ऐकल्यावर घोकलेलं वाक्य बोलायला काय हरकत होती? पण माझ्या तोंडातून ते निघालंच नाही. वाटलं, याला सगळं माहीत आहे, आता बोलून काय मिळणार. वाटलं, बोललो तर रडू येईल, आणि समोर ट्रकवाले आहेत. भित्र्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. मी काकडी संपवली आणि एसटीला हात केला. निघताना त्याने टोपलीमागच्या ओल्या फडक्यातून दोन लोंब्या काढून मला दिल्या. "उद्या नवमी. मशीनला लाव. आत दाना जाऊ देऊ नको पन."

टोमणा होता की काळजी, हे मला आजही ठरवता येत नाही. तसा तो टोमणे मारणारा माणूस नव्हता.

त्या लोंब्या मी प्रिंटरला लावल्या नाहीत. तेवढं धैर्य कुठलं. घरी आणून ट्रंकेत ठेवल्या, त्या चार घड्यांच्या कागदाशेजारी. दाणे पुढे उंदरांनी खाल्ले, कागद राहिला. काही वर्षांनी बाळारामदादा गेल्याचं कळलं, तेही कुणीतरी दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता सांगितलं. मी म्हणालो, अरेरे, चांगला माणूस होता.

ऊन कलल्यावर मी गच्चीवरून खाली आलो. लॅपटॉप चालू होता, वायफाय आलेलं होतं. झाकणावरचं कुंकू तसंच होतं, लोंबीही होती, मुक्ताने तिला धक्का लावला नव्हता. वायफायच्या चिपला लागणारा सॉफ्टवेअरचा एक तुकडा नव्या सिस्टीममध्ये घालायचा राहून गेला होता, असं तिने मला सांगितलं. मोबाईल जोडून तिने तो उतरवून घेतला होता. मग तोंडात चकलीचा तुकडा टाकून ती स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "आई, सॉरी गं. तुझ्या कुंकवाचा काही दोष नव्हता, माझंच चुकलं."

आतून "बरं" असं उत्तर आलं आणि कढईत पुढचा घाणा पडला.

मुक्ता परत पडद्याकडे वळली होती. मी तिथेच उभा होतो. ते वाक्य म्हणायला तिला चकली चावून होईपर्यंतही थांबावं लागलं नव्हतं.